प्रथिन डीएनएला किती घट्ट धरते? जेल शिफ्टने केडी मोजण्याची रीत

एखादे प्रथिन डीएनएच्या विशिष्ट तुकड्याला चिकटते की नाही, एवढेच पाहायचे असेल तर एक जेल आणि एक दुपार पुरते. ते किती घट्ट चिकटते हे आकड्यात सांगायचे असेल, तर मात्र जेल हा त्या कामातला सर्वांत सोपा भाग ठरतो. हा आकडा म्हणजे विघटन स्थिरांक, ज्याला प्रयोगशाळेत सगळे केडी म्हणतात. मुक्त प्रथिनाच्या ज्या संहतीला डीएनएचे निम्मे रेणू व्यापलेले असतात, ती संहती म्हणजे केडी. तो जितका लहान, तितकी पकड घट्ट. गोव्यात ताळगाव पठारावरील विद्यापीठात, दोनापावल्याला, सांकवाळच्या बाजूला किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या लहानशा प्रयोगशाळेत एम.एस्सी.चा प्रकल्प अथवा पीएच.डी.चे पहिले वर्ष करणाऱ्यांसाठी ही रीत लिहिली आहे. उभे जेल चालवण्याची साधी व्यवस्था आणि प्रतिदीप्ती टिपणारा स्कॅनर एवढे हाताशी असेल तर विश्वासार्ह आकडा मिळू शकतो. त्यासाठी प्रोबची, म्हणजे रंग लावलेल्या डीएनएच्या तुकड्याची, संहती, प्रथिनाची क्रियाशील संहती आणि समतोल यायला लागणारा वेळ या तीन गोष्टी जेल ओतण्याआधी ठरलेल्या असाव्या लागतात.

मोजण्याच्या रीती अनेक आहेत. नायट्रोसेल्युलोजची चकती प्रथिनाला अडवून धरते आणि एकट्या दुपदरी डीएनएला जाऊ देते, या साध्या गुणाच्या आधारे साठच्या दशकाच्या अखेरीस लॅक रिप्रेसर या जिवाणूतल्या डीएनए-बंधक प्रथिनाची पकड मोजली गेली. १९७८ मध्ये गालास आणि श्मिट्झ यांनी फुटप्रिंटिंगची पद्धत मांडली. प्रथिन नेमके कोणत्या बेसांवर बसले आहे हे तिच्यातून कळते, पण ती वेळखाऊ आहे. १९८१ मध्ये गार्नर आणि रेव्झिन यांनी, तसेच फ्राइड आणि क्रोदर्स यांनी स्वतंत्रपणे जेल शिफ्टची पद्धत प्रसिद्ध केली. एकटा डीएनए जेलमधून वेगाने सरकतो, प्रथिन बसलेला डीएनए मागे राहतो, आणि दोन बँडांच्या तीव्रतेवरून किती डीएनए बद्ध झाला हे काढता येते. उष्णतामापन पद्धतीला प्रथिन फार लागते आणि चिपवर डीएनए बसवून मोजणाऱ्या यंत्राला पैसा फार लागतो. पहिल्या मोजणीसाठी जेल शिफ्टच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात एकाऐवजी दोन प्रथिने बसली, प्रथिनाचा गोळा झाला किंवा डीएनए तुटला, तर ते डोळ्यांना दिसते, आणि नुसता आकडा देणाऱ्या यंत्रात हेच नजरेआड होते.

प्रोब आणि त्याची संहती

ज्या क्रमावर प्रथिन बसते तो क्रम मध्यभागी ठेवून दोन्ही बाजूंना किमान सात-आठ बेसजोड्या सोडाव्यात. म्हणजे प्रोब साधारण २५ ते ३५ बेसजोड्यांचा होतो. एका पदराच्या टोकाला साय-५ हा रंग लावून घ्यावा आणि दुसरा पदर साधा मागवावा. ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड असलेल्या बफरमध्ये दोन्ही पदर एकत्र करून ९५ अंश सेल्सिअसला पाच मिनिटे तापवावेत आणि हीटिंग ब्लॉक बंद करून सावकाश निवू द्यावेत. साधा पदर सुमारे १० टक्के जास्त घ्यावा, म्हणजे रंगवलेला एकपदरी डीएनए शिल्लक राहत नाही. एकपदरी शिल्लक राहिला की तो जेलमध्ये वेगळा बँड देतो आणि मुक्त प्रोबचा हिशेब बिघडवतो.

आता प्रोब किती घ्यायचा? बहुतेक चुकीचे केडी इथेच जन्माला येतात. समजा खरा केडी १ नॅनोमोलर आहे आणि ठळक बँड दिसावा म्हणून प्रोब १०० नॅनोमोलर घेतला. निम्मा डीएनए व्यापायचा तर ५० नॅनोमोलर प्रथिन डीएनएवर बसलेले हवे आणि त्याशिवाय केडीइतके, म्हणजे १ नॅनोमोलर, मुक्त हवे. एकूण प्रथिन झाले ५१ नॅनोमोलर. आलेखावरून जो केडी वाचाल तो ५१ येईल, खऱ्याच्या पन्नासपटीहून अधिक. आलेखाचा आकार सुरेख दिसेल, मोजमापे एकमेकांशी जुळतील आणि तरीही त्या आकड्याचा पकडीशी काही संबंध नसेल. आपण फक्त प्रोब मोजलेला असेल. प्रोबची संहती अपेक्षित केडीच्या दहाव्या भागाहून कमी असावी, हा नियम त्यासाठी आहे.

साय-५ लावलेला प्रोब चांगल्या लेसर स्कॅनरवर साधारण अर्धा ते एक नॅनोमोलरपर्यंत मोजण्याजोगा दिसतो. त्यामुळे ५ ते १० नॅनोमोलरपेक्षा सैल पकड या मार्गाने सरळ मोजता येते. त्याहून घट्ट पकड असेल तर फॉस्फरस-३२ लावलेला प्रोब लागतो. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि वेगळी जागा हवी, शिवाय त्याचे अर्धायुष्य १४.३ दिवस असल्याने मागवल्यावर लगेच वापरावा लागतो. अशी सोय नसेल तर प्रोब नगण्य न मानता वर्गसमीकरणाचे पूर्ण सूत्र आलेखाला लावावे. मात्र प्रोब केडीच्या कित्येक पट असेल तर तेही सूत्र वाचवू शकत नाही.

प्रथिन: किती आहे आणि त्यातले कामाचे किती

प्रथिनाची संहती २८० नॅनोमीटरच्या शोषणावरून काढावी. रेणूतील प्रत्येक ट्रिप्टोफॅनसाठी ५५०० आणि प्रत्येक टायरोसिनसाठी १४९० हे मोलर शोषणांक धरून बेरीज करता येते. त्याआधी २६० आणि २८० यांचे गुणोत्तर पाहावे. शुद्ध प्रथिनाचे गुणोत्तर साधारण ०.६ च्या आसपास असते. ते १ च्या पुढे गेले असेल, तर तुमच्या प्रथिनाने जिवाणूतला डीएनए किंवा आरएनए सोबत ओढून आणला आहे आणि त्याची बंधनाची जागा आधीच अडलेली आहे. डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत हे हमखास घडते. शुद्धीकरणाच्या पहिल्या पायऱ्यांत सोडियम क्लोराइड १ मोलरपर्यंत नेणे आणि नंतर हेपरिनचा स्तंभ वापरणे, हा त्यावरचा रुळलेला उपाय आहे.

शोषणावरून मिळालेले प्रथिन सगळेच क्रियाशील असते असे नाही. काही रेणू शुद्धीकरणात बिघडतात, काही गोठवून वितळवताना. म्हणून एक वेगळा प्रयोग करावा, आणि तो टाळू नये. यात वर सांगितलेला नियम मुद्दाम उलटा करायचा: प्रोब केडीच्या पन्नास ते शंभरपट घ्यायचा. केडी २ नॅनोमोलरच्या आसपास असेल तर २०० नॅनोमोलर डीएनए घ्यावा. त्यात रंगवलेला प्रोब थोडाच आणि उरलेला त्याच क्रमाचा साधा डीएनए चालतो, म्हणजे खर्च वाचतो. आता प्रथिन वाढवत नेले की बद्ध डीएनए सरळ रेषेत वाढतो आणि एका ठिकाणी रेषा मोडून आडवी होते. एकास एक बंधन असेल आणि ही मोड २०० ऐवजी ४०० नॅनोमोलरवर आली, तर तुमचे निम्मेच प्रथिन कामाचे आहे. केडी काढताना सर्व संहती निम्म्या धराव्यात. प्रथिन जोडीने बसत असेल तर हिशेब जोड्यांत करावा, सुट्या रेणूंत करू नये.

समतोलाला वेळ द्या

"खोलीच्या तापमानाला वीस मिनिटे ठेवावे" ही ओळ प्रयोगवह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाते. पकड सैल असेल तेव्हा ती चालून जाते. बंधनाचा वेग सेकंदाला, दर मोलरमागे १० कोटी असेल आणि केडी १ नॅनोमोलर असेल, तर सुटण्याचे अर्धायुष्य ७ सेकंद येते. वीस मिनिटे पुष्कळ झाली. त्याच वेगाला केडी १० पिकोमोलर असेल तर हे अर्धायुष्य साडेअकरा मिनिटांच्या जवळ जाते, आणि समतोलासाठी पाच अर्धायुष्ये धरली तर तासभर लागतो. बंधनाचा वेग दहापट कमी असेल तर तोच काळ साडेनऊ तासांवर जातो. वेळ अपुरा पडला की कमी संहतीच्या ट्यूबांमध्ये बंधन पूर्ण होत नाही आणि पकड आहे त्यापेक्षा सैल दिसते.

आपल्या प्रथिनासाठी किती वेळ हवा, हे पुस्तकात शोधण्यापेक्षा करून पाहावे. केडीच्या आसपासची आणि तिच्याहून बरीच कमी अशा दोन संहती घेऊन पंधरा मिनिटे, एक तास आणि तीन तास ठेवलेली मिश्रणे एकाच जेलवर चालवावीत. तीन तासांचे मिश्रण सर्वांत आधी करायचे आणि पंधरा मिनिटांचे शेवटी, म्हणजे सगळ्या लेन एकदम भरता येतात. एक तास आणि तीन तास यांत फरक नसेल तर एक तास पुरे. फरक असेल तर रात्रभर ठेवावे, पण तेवढा वेळ प्रथिन टिकते की नाही तेही तपासावे.

मिश्रण आणि जेल

बंधनाच्या बफरचा सुरुवातीचा आराखडा असा असू शकतो: २० मिलिमोलर हेपीस, पीएच ७.५, १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर डीटीटी, मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातले प्रथिन), ०.०१ टक्का ट्वीन-२० (सौम्य साबणासारखे द्रव्य) आणि ५ टक्के ग्लिसरॉल. बीएसए आणि ट्वीन हे सोपस्कार म्हणून घातलेले नाहीत. काही नॅनोमोलर प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीलाच चिकटून नाहीसे होते, आणि बीएसए व ट्वीन नसते तर सर्वांत खालच्या संहतींत मोजायला प्रथिनच उरले नसते.

प्रथिनाची बारा संहतींची निम्मी-निम्मी मालिका करावी. अशी मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत २०४८ पट अंतर व्यापते, आणि केडी तिच्या मध्यावर येईल अशी ती बसवावी. एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. प्रथिन साठवलेल्या बफरमध्ये बहुधा ५०० मिलिमोलर मीठ असते. ते थेट मिश्रणात टाकले तर सर्वांत जास्त प्रथिनाच्या ट्यूबमध्ये ५० मिलिमोलर मीठ जादा जाते आणि शेवटच्या ट्यूबमध्ये जवळजवळ काहीच नाही. प्रथिन आणि मीठ दोन्ही एकाच वेळी बदलले की आलेख कशाचा आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून सगळी मालिका साठवणीच्याच बफरमध्ये करावी आणि प्रत्येक ट्यूबमध्ये सारखेच, उदाहरणार्थ २० मायक्रोलिटरात २ मायक्रोलिटर, घालावे. एक ट्यूब प्रथिनाविना, फक्त साठवणीच्या बफरची असावी.

जेल ६ टक्क्यांचे पुरते. दहा मिलिलिटरसाठी ३० टक्के ॲक्रिलामाइड-बिसचे द्रावण २ मिलिलिटर, पाचपट टीबीई (जेलचा बफर) १ मिलिलिटर, पाणी ६.९ मिलिलिटर, १० टक्के अमोनियम परसल्फेट १०० मायक्रोलिटर आणि टेमेड १० मायक्रोलिटर घ्यावे. न जमलेले ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असते, तेव्हा हातमोजे काढू नयेत. जमलेले जेल अर्धपट टीबीईमध्ये शीतखोलीत १०० व्होल्टवर अर्धा ते पाऊण तास रिकामे चालवावे. त्याने परसल्फेटचे अवशेष निघून जातात आणि जेल थंड होते. नमुने भरताना विद्युतप्रवाह कमी दाबावर चालू ठेवला तर उत्तम, कारण डीएनए लगेच जेलमध्ये शिरतो. अर्थात हात बफरला लागणार नाही ही काळजी घेऊनच. नमुन्यांत ब्रोमोफेनॉल ब्लू घालू नये. तो साय-५ च्या वाहिनीत स्वतःच चमकतो आणि काही संकुले (प्रथिन बसलेले डीएनए) सैलही करतो. ग्लिसरॉलमुळे नमुना तसाही तळाला बसतो. रंग फक्त कडेच्या रिकाम्या लेनमध्ये घालावा. या जेलमध्ये तो साधारण ६० बेसजोड्यांच्या डीएनएच्या आसपास सरकतो, म्हणजे तुमचा ३० बेसजोड्यांचा प्रोब त्याच्या पुढे असेल. रंग तळाशी येईपर्यंत थांबलात तर प्रोब बफरमध्ये निघून गेलेला असेल.

गोव्यातल्या पावसाळ्याचा या कामाशी थेट संबंध आहे. जून ते सप्टेंबर या काळात उघडी राहिलेली अमोनियम परसल्फेटची बाटली ओल धरते, पावडरीचे खडे होतात आणि जेल तासभर जमत नाही. किंवा वरून जमते आणि कंगवा काढताना खाचांच्या भिंती वाकतात. बाटली सिलिका जेलसह डेसिकेटरमध्ये (कोरड्या बंद भांड्यात) ठेवावी आणि द्रावण दर आठवड्याला ताजे करावे. टेमेड वाढवत बसू नये. डीटीटी आणि सुकवलेले ऑलिगो (डीएनएचे लहान पदर) फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. शीतखोलीतून आणलेल्या जेलच्या काचा बाहेरच्या हवेत काही क्षणांत घामेजतात. त्या थेंबांसकट स्कॅनरवर ठेवल्या तर प्रतिमेत गोल काळपट डाग उमटतात, आणि नेमका एखादा डाग मुक्त प्रोबच्या बँडवर बसतो. काचा मऊ कागदाने दोन्ही बाजूंनी पुसाव्यात, दोन मिनिटे थांबून पुन्हा पुसाव्यात आणि मगच स्कॅन करावे. विजेचा भरवसा नसेल तर पॉवर पॅक यूपीएसवर घ्यावा. प्रवाह थांबलेल्या जेलमध्ये संकुले सुटत राहतात आणि बँड पसरतात.

जेल वाचताना

मुक्त आणि बद्ध बँडांच्या मधली जागा धुरकट दिसत असेल, तर संकुल जेलमध्ये चालता चालता सुटले आहे. जेलच्या जाळीत सुटलेले प्रथिन दूर न जाता पुन्हा त्याच डीएनएला धरते, असे सामान्यतः मानले जाते, आणि म्हणूनच बरीच सैल संकुलेही जेलमध्ये टिकतात. तरी धूर दिसलाच तर बद्ध बँड मोजू नये. त्याऐवजी मुक्त बँड किती घटला ते मोजावे: प्रथिनाविना असलेल्या लेनमधल्या मुक्त बँडाशी प्रत्येक लेनचे गुणोत्तर काढून ते १ मधून वजा केले की बद्ध अंश मिळतो. खाचेतच अडकलेला डीएनए हे बहुधा गोळा झालेल्या प्रथिनाचे लक्षण असते. ते वरच्या एक-दोन संहतींतच असेल तर त्या लेन सोडून द्याव्यात.

आलेखावर रेषा बसवण्याआधी एक साधी कसोटी लावावी. एकास एक बंधनात बद्ध अंश १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला प्रथिन ८१ पट वाढावे लागते. तुमच्या मालिकेत हा प्रवास दहापटीतच पूर्ण होत असेल, तर एक तर प्रथिने एकमेकांच्या आधाराने बसत आहेत, किंवा प्रोब जास्त झाला आहे. दुसरी शक्यता आधी तपासावी: प्रोब तिपटीने कमी करून तोच आलेख पुन्हा काढावा. केडी सरकला तर तो केडी नव्हताच.

विशिष्टता दाखवण्यासाठी न रंगवलेला तोच क्रम आणि मधले बेस बदललेला क्रम, असे दोन स्पर्धक दहापट, पन्नासपट आणि शंभरपट घालून पाहावेत. पॉली डीआय-डीसी हे सर्वसाधारण स्पर्धक पेशींच्या अर्कासोबत काम करताना आवश्यकच असते; शुद्ध प्रथिनाचा केडी काढताना मात्र ते वगळावे, कारण ते स्वतः प्रथिन शोषून घेते आणि केडी मोठा दिसतो. आणि तीन वेळा मोजणे म्हणजे प्रथिनाची मालिका तीन वेळा नव्याने करणे; एकाच मालिकेचे तीन नमुने शेजारी शेजारी चालवणे म्हणजे पिपेटची परीक्षा घेणे.

मीठ, आणि जेल जिथे चालत नाही

डीएनएवरील ऋणभाराभोवती धन आयन जमलेले असतात आणि प्रथिन बसले की त्यांतले काही सुटतात. त्यामुळे मिठाचे प्रमाण वाढले की पकड सैल होते, आणि हा परिणाम किरकोळ नाही: सहा आयन सुटत असतील तर मीठ दुप्पट केल्यावर केडी ६४ पट वाढतो. मीठ, पीएच आणि तापमान यांशिवाय लिहिलेला केडी वाचकाच्या काहीच उपयोगाचा नसतो. सगळी प्रथिने या नियमाने चालत नाहीत. उष्ण सागरी तळाजवळ राहणाऱ्या पायरोकॉकस वोसेई या आर्किऑनच्या (जिवाणूंहून वेगळ्या एकपेशी सूक्ष्मजीवाच्या) एका डीएनए-बंधक प्रथिनाची पकड मीठ वाढवल्यावर उलट घट्ट होते.

पेडण्यातल्या आगरवाड्याच्या किंवा रायबंदरच्या मिठागरांतून वेगळ्या केलेल्या लवणप्रिय आर्किआंवर काम करणाऱ्यांना जेल शिफ्ट बहुधा दगा देईल. या जीवांच्या पेशींतच पोटॅशियम क्लोराइड काही मोलरपर्यंत असते, त्यांची प्रथिने त्या मिठातच आपली घडी टिकवतात आणि अर्धपट टीबीईमध्ये उतरवली की उलगडून जातात. तिथे ॲनिसोट्रॉपी वापरावी. फॅम हा रंग लावलेल्या प्रोबवर ध्रुवित प्रकाश टाकला की लहान डीएनए झपाट्याने फिरतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ध्रुवितता जाते. प्रथिन बसून रेणू जड झाला की फिरणे मंदावते आणि ध्रुवितता टिकते. काहीही वेगळे करावे लागत नाही, त्यामुळे समतोल ढळत नाही, आणि मीठ हवे तेवढे ठेवता येते.

ध्रुवण-गाळण्या असलेल्या प्लेट रीडरवर, ३८४ खळग्यांच्या काळ्या प्लेटमध्ये, १ ते ५ नॅनोमोलर प्रोब घेऊन हे करावे. ग्लिसरॉल प्रत्येक खळग्यात तंतोतंत सारखे असावे, कारण द्रव दाट झाला तर प्रथिनाविनाही ॲनिसोट्रॉपी वाढते. फॅमची चमक आम्लतेत मंदावते, म्हणून पीएच ७.५ च्या खाली नेऊ नये. दर वाचनासोबत एकूण तीव्रताही, म्हणजे समांतर तीव्रता अधिक यंत्राच्या जी-गुणकाने गुणलेल्या लंब तीव्रतेची दुप्पट, तपासावी. प्रथिन वाढवताना ती लक्षणीय बदलली, तर रंग प्रथिनाच्या अगदी लगत आला आहे आणि बद्ध अंश काढताना त्याची दुरुस्ती करावी लागते. दुरुस्ती टाळायची असेल तर रंग प्रोबच्या दुसऱ्या टोकाला लावून घ्यावा.

साध्या, मिठाची गरज नसलेल्या प्रथिनासाठीही दोन्ही पद्धतींनी मोजणे चांगले. जेल आणि ॲनिसोट्रॉपी यांचे आकडे दुपटी-तिपटीच्या आत असतील तर समाधान मानावे, कारण जेल चालताना बफर बदलतो. फरक दहापटीचा असेल, तर आधी दोन्ही मिश्रणांतले मीठ प्रत्यक्ष मोजून पाहावे, मग प्रथिनाची क्रियाशील संहती त्याच दिवशीच्या ट्यूबमधून पुन्हा काढावी, आणि तोवर कोणताही आकडा प्रबंधात उतरवू नये.